अशर्फीचे वजन आणि अशर्फीचे मोल

हैदराबादच्या मेट्रोतून तारनाका स्थानकावर उतरावे आणि उस्मानिया विद्यापीठाच्या दिशेने चालू लागावे, की शहराचा गजबजाट हळूहळू मागे पडतो. एका बाजूला राष्ट्रीय पोषण संस्था, जवळच रसायनशास्त्राची मोठी प्रयोगशाळा, आणि पुढे झाडांच्या रांगांतून दिसू लागते ती विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची गुलाबी छटेच्या दगडाची भव्य इमारत. तिच्या कमानी इस्लामी वळणाच्या आहेत, तर खांबांवर अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची छाया आहे. ही इमारत आणि हे विद्यापीठ ज्याच्या नावाने उभे आहे, तो हैदराबादचा सातवा आणि शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान. त्याच्याविषयी आपल्याकडे दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक, तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस होता; आणि दुसरी, त्याने देशाला पाच हजार किलो सोने दान दिले. पहिली गोष्ट त्याच्या काळात बऱ्याच अंशी खरी मानली जात होती. दुसरी खरी नाही. मात्र तिच्यामागे जी खरी हकिकत दडलेली आहे, ती दंतकथेपेक्षा अधिक बोधप्रद आहे. कारण तिच्यात सोन्याच्या वजनाचा नव्हे, तर सोन्याच्या जुन्या नाण्याच्या मोलाचा प्रश्न आहे.

मीर उस्मान अली खानचा जन्म ६ एप्रिल १८८६ रोजी हैदराबादेतील पुरानी हवेलीत झाला. वडील मीर महबूब अली खान हे सहावे निजाम. ते हौशी, उदार आणि खर्चिक वृत्तीचे होते. पोशाखांची, शिकारीची, मेजवान्यांची त्यांना आवड होती. मुलाचा स्वभाव नेमका उलट निघाला. उर्दू, फारसी, अरबी आणि इंग्रजी या भाषांचे शिक्षण त्याला मिळाले. पुढे तो उर्दू आणि फारसीत कविताही करू लागला. २९ ऑगस्ट १९११ रोजी वडिलांचे निधन झाले आणि पंचविसाव्या वर्षी तो गादीवर आला. राज्य लहानसहान नव्हते. तेलंगणा, मराठवाडा आणि कन्नड भाषक जिल्हे मिळून सुमारे सव्वादोन लाख चौरस किलोमीटरचा हा मुलूख होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि धाराशिव हे पाच मराठी जिल्हे त्यात होते. धाराशिवला तर या निजामाचेच नाव देऊन त्याचे उस्मानाबाद करण्यात आले होते. अलीकडे ते शहर पुन्हा आपल्या जुन्या नावाने ओळखले जाऊ लागले आहे.

या राज्याचा मोठा अभिमानबिंदू म्हणजे त्याचे स्वतःचे नाणे. आसफजाही घराण्याने अठराव्या शतकात सत्ता हाती घेतली तरी नाणी दीर्घकाळ मोगल बादशहाच्या नावानेच पाडली जात. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीची गादीच संपली, तेव्हा हैदराबादच्या नाण्यांवर आसफजाह हे नाव आले. महबूब अली खानच्या कारकिर्दीत विसाव्या शतकाच्या आरंभी सैफाबाद येथे यंत्रांनी सज्ज अशी टांकसाळ सुरू झाली आणि नाण्यावर चारमिनारचे चित्र उमटू लागले. त्या चित्रातील मधल्या दरवाजात एक अक्षर कोरलेले असे. महबूबच्या काळात ते मीम होते. उस्मान अली खान गादीवर आल्यावर त्या जागी ऐन आले. उर्दूत उस्मान हे नाव ऐनने सुरू होते. आज नाणेसंग्राहक भिंगाखाली प्रथम तपासतात ते हेच अक्षर.

रुपयाला हाली सिक्का म्हणत आणि ब्रिटिश रुपयाला कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब मराठवाड्यातील जुन्या पिढीला तोंडपाठ होता. पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण भासली, तेव्हा १९१८ मध्ये कायदा करून राज्याने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. संस्थानांत हा मान जवळजवळ एकट्या हैदराबादचा. चांदीच्या रुपयाबरोबर सोन्याची अशर्फीही पाडली जाई. तिचे वजन साधारण ११ ग्रॅम. शिवाय अर्धी, पाव आणि दोन आणे अशा तिच्या लहान जातीही होत्या. गोमंतकीय वाचकाला हा शब्द परका वाटू नये. पोर्तुगीज काळातील गोव्याचे शेराफिम हे नाणे याच अशर्फी शब्दावरून नाव घेऊन आले होते.

अशर्फी बाजारहाटात क्वचितच फिरे. ती लग्नकार्यात, आहेरात आणि मुख्यतः दरबारात दिसे. निजामासमोर हजर होणाऱ्या सरदाराने, अधिकाऱ्याने किंवा पाहुण्याने हातरुमालावर अशर्फी आणि काही रुपये ठेवून नजराणा करायचा, ही जुनी रीत होती. पूर्वीचे निजाम त्या नाण्यांना केवळ स्पर्श करून ती परत करीत, असे सांगतात. उस्मान अली खान मात्र ती ठेवून घेई. ईद, वाढदिवस, नेमणुका, विवाह अशा निमित्तांनी वर्षानुवर्षे अशर्फ्यांची भर पडत गेली. त्याआधीच्या पिढ्यांनी साठवलेल्या मोगल मोहरा खजिन्यात होत्याच. किंग कोठी या त्याच्या निवासस्थानी त्या पेट्यांतून राहिल्या. सोन्याचे चलन या माणसाच्या घरात चालले ते असे: आत येई, पण बाहेर जात नसे.

त्याच्या काटकसरीच्या कथा पुष्कळ आहेत. जुनी तुर्की टोपी, विटलेली शेरवानी, साधे जेवण. वडिलांनी विकत घेतलेला जेकब हिरा सुमारे १८५ कॅरेटचा. तो त्याला वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला आणि त्याने तो कागद उडू नयेत म्हणून मेजावर ठेवला, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. २२ फेब्रुवारी १९३७ च्या टाइम या अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याचे चित्र झळकले. त्या श्रीमंतीचा मोठा भाग पडून असलेला होता. तिच्यातून व्याज निघत नव्हते, की उद्योग उभा राहत नव्हता. ती फक्त मोजली जात होती.

तरीही त्याला केवळ कंजूष ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. स्वतःच्या अंगावर पैसा न खर्चणारा हा राजा राज्याच्या कामावर खर्च करीत होता. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले होते. त्याच्या कारकिर्दीत उस्मान सागर आणि हिमायत सागर ही धरणे झाली. शहराला पाणी मिळाले आणि पुराचा धोका कमी झाला. उच्च न्यायालय आणि उस्मानिया रुग्णालय यांच्या इमारती उभ्या राहिल्या. बोधनला साखर कारखाना निघाला. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, अजिंठ्याच्या चित्रांची निगा राखली. त्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणवले गेले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्याने साहाय्य केले. संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृह आजही त्याची साक्ष देते.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ च्या फर्मानाने स्थापन झाले. उच्च शिक्षण देशी भाषेतून, म्हणजे उर्दूतून देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. वैद्यक आणि अभियांत्रिकीची पुस्तकेही त्यासाठी उर्दूत आणण्यात आली. आरंभी भाड्याच्या घरांत वर्ग भरत. तारनाक्याजवळच्या विस्तीर्ण जागेत कला महाविद्यालयाची इमारत १९३९ मध्ये पूर्ण झाली. पण ज्या राज्यात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती, तेथे उर्दू ही सर्वांची देशी भाषा नव्हती, हा या प्रयोगातील मूळचा दोष होता. १९३८ च्या अखेरीस वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि विद्यापीठातून काढण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. ज्या विद्यापीठावर निजामाने सढळ हाताने खर्च केला, तेथूनच त्याच्या सत्तेला प्रश्न विचारणारी पिढी बाहेर पडली.

१९४७ मध्ये ब्रिटिश निघून गेले आणि निजामाने भारतात विलीन होण्याचे टाळले. त्याचे राज्य सर्व बाजूंनी भारताने वेढलेले होते. समुद्राला वाट नव्हती. म्हणून त्याच्या सल्लागारांची नजर गोव्याकडे वळली. पोर्तुगालकडून मुरगाव बंदर खरेदीने वा भाडेपट्ट्याने मिळवता येईल काय, याची चाचपणी झाली. हा बेत तडीस गेला नाही. निजामाच्या पेट्यांतील मोहरांनी तेव्हा मुरगावच्या धक्क्याचा सौदा साधला असता, तर गोव्याचा पुढचा इतिहास किती वेगळ्या वाटेने गेला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

दरम्यान लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी राज्यात धुमाकूळ घातला. मराठवाड्यातील गावांनी जाळपोळ, लूट आणि खून पाहिले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. हजारो लोक तुरुंगात होते. रझाकारांना आवर घालणे निजामाला जमले नाही, किंवा त्याने वेळीच तसे केले नाही. या जबाबदारीतून त्याची सुटका होत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. अमाप सोने ना प्रजेला वाचवू शकले, ना गादीला.

पुढच्या वर्षांत सातव्या निजामाने नव्या व्यवस्थेशी जुळवून घेतले. २६ जानेवारी १९५० पासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो हैदराबादचा राजप्रमुख होता. सैफाबादची टांकसाळ केंद्र सरकारच्या ताब्यात गेली आणि हाली सिक्का यथावकाश चलनातून बाद झाला. काल ज्याने बाजार होत असे, ते नाणे आज संग्राहकाच्या पेटीतील वस्तू झाले. निजामाने आपल्या संपत्तीचे अनेक विश्वस्त निधी केले. किंग कोठीतील पेट्या मात्र होत्या तेथेच होत्या.

त्या पेट्या उघडण्याची वेळ १९६५ मध्ये आली. पाकिस्तानशी युद्ध झाले होते. धान्य आयात करावे लागत होते आणि परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत चालली होती. घरोघरी पडून असलेले सोने देशाच्या कामी यावे, म्हणून सरकारने सुवर्ण रोखे काढले. सोने सरकारकडे द्यायचे, त्याबदल्यात रोखा घ्यायचा आणि मुदत संपल्यावर परतफेड मिळवायची, अशी ती योजना होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या आवाहनाला अनुसरून निजामाने त्यात ४ लाख २५ हजार ग्रॅम, म्हणजे ४२५ किलो सोने गुंतवले. एका व्यक्तीकडून आलेली ही फार मोठी रक्कम होती. पण ती गुंतवणूक होती, दान नव्हते. पुढे कथेत ४२५ चे पाच हजार झाले, रोख्याचे दान झाले आणि सोने दिले पण लोखंडी पेट्या परत मागितल्या, असे चविष्ट शेपूटही तिला जोडले गेले. माहितीच्या अधिकारात विचारणा झाली तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीकडे अशा देणगीची नोंद नसल्याचे उघड झाले.

दंतकथेच्या गदारोळात त्या व्यवहारातील खरा लक्षणीय भाग मागे पडला. निजामाने दिलेल्या सोन्यात विटांपेक्षा महत्त्वाच्या होत्या त्या जुन्या सोन्याच्या मोहरा. डिसेंबर १९६५ मध्ये शास्त्री हैदराबादला आले, तेव्हा जाहीर सभेत त्यांनी निजामाचे अभिनंदन केले आणि या मोहरांविषयी सरकारचा विचार सांगितला. त्या वितळवायच्या नाहीत. परदेशी पाठवून त्यांना अधिक किंमत मिळवायची, असा तो विचार होता. त्या वेळच्या बातमीनुसार सोन्याचे मूल्य सुमारे ५० लाख रुपये होते आणि मोहरा म्हणून विकल्यास एक कोटीपर्यंत रक्कम येईल, अशी शास्त्रींची अपेक्षा होती. सोने तेच, वजन तेच. केवळ त्यावरील ठसा शाबूत राहिला तर किंमत दुप्पट.

हे कसे घडते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातील सोन्याच्या नाण्यांत सापडते. १८२२ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने पाच डॉलरची १७,७९६ सोन्याची नाणी पाडल्याची नोंद आहे. एका नाण्यात शुद्ध सोने जेमतेम ८ ग्रॅम. पण त्या काळी अमेरिकेच्या कायद्याने सोन्याला चांदीच्या तुलनेत जो भाव दिला होता, तो युरोपातील भावापेक्षा कमी होता. साहजिकच व्यापाऱ्यांनी ही नाणी गोळा करून वितळवली किंवा परदेशी पाठवली. १८३४ मध्ये कायदा बदलून नाण्यातील सोने कमी करण्यात आले, तेव्हा तर जुनी जड नाणी वितळवणे अधिकच फायद्याचे झाले. १८२२ ची आज फक्त तीन नाणी ज्ञात आहेत. दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत. तिसरे मार्च २०२१ मध्ये लिलावात ८४ लाख डॉलरना विकले गेले. त्याच्या बाजूलाच, पुढच्या दशकांत लाखोंनी पाडली गेलेली वीस डॉलरची सामान्य नाणी आजही सोन्याच्या भावाच्या आसपास मिळतात. मात्र त्याच वीस डॉलरच्या नाण्यावर १८७० हे साल आणि कार्सन सिटी टांकसाळीची दोन अक्षरे असतील, तर गोष्ट बदलते. कारण त्या वर्षी तेथे केवळ ३,७८९ नाणी पाडली गेली होती. वय, धातू किंवा आकार यांपैकी एकट्या कशानेही नाणे दुर्मीळ होत नाही. किती पाडली, किती वाचली, ठसा किती स्वच्छ राहिला आणि ते कोणाकोणाच्या हातून आले, या चार प्रश्नांच्या उत्तरांतून त्याची किंमत ठरते.

१९३३ मध्ये मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांना सोने सरकारजमा करण्याचा आदेश दिला. त्यातूनही संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोलाची दुर्मीळ नाणी वगळण्यात आली होती. संकटात सापडलेल्या सरकारलाही वितळवणे आणि जपणे यांत भेद करावा लागला. शास्त्रींनी हैदराबादेत केला तो हाच भेद. विक्रीतून देशाला परकीय चलन मिळाले असते आणि मोहराही शाबूत राहिल्या असत्या. त्या परक्या हातांत गेल्या असत्या, ही त्या सौद्याची किंमत. वितळलेली मोहर मात्र कोणत्याच देशाची राहत नाही. या सभेनंतर महिनाभरातच, ११ जानेवारी १९६६ रोजी, ताश्कंद येथे शास्त्रींचे निधन झाले. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी किंग कोठीत निजामानेही डोळे मिटले. कोठीसमोरच्या मशिदीत त्याचे दफन झाले. अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीत सर्व धर्मांचे लोक होते.

त्याच्या खजिन्यातील एका नाण्याची कथा त्याच्यानंतरही चालू राहिली. बादशहा जहांगीरने १६१३ मध्ये आग्र्यास पाडलेली एक हजार तोळ्यांची, सुमारे १२ किलो वजनाची सोन्याची मोहर निजाम घराण्याकडे होती. नातू मुकर्रम जाह हा वारस ठरला. नोव्हेंबर १९८७ मध्ये जिनिव्हा येथे ही मोहर लिलावात आली, पण अपेक्षित किमतीपर्यंत बोली न गेल्याने ती विकली गेली नाही. भारतात केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली. तरी ती मोहर देशात परतलेली नाही. जडजवाहिराचे नशीब त्या मानाने बरे निघाले. १९९५ मध्ये केंद्र सरकारने जेकब हिऱ्यासह १७३ दागिने २१८ कोटी रुपयांना विकत घेतले आणि ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत सुरक्षित आहेत. सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत अलीकडे संग्रहालय झाले आहे.

उस्मान अली खानच्या आयुष्याचा ताळेबंद मांडताना मराठी माणसाचे मन सहजी एका बाजूला झुकत नाही, आणि झुकूही नये. विद्यापीठ आणि धरणे जमेच्या बाजूला आहेत. रझाकारांचे दिवस खर्चाच्या बाजूला. सोन्याच्या बाबतीत मात्र त्याचे आयुष्य एक साधी गोष्ट शिकवून जाते. चाळीस-पन्नास वर्षे पेटीत पडलेली मोहर कोणाच्याच उपयोगी पडली नाही. तिचे मोल कोणालातरी ओळखता आले, तेव्हाच ती वजनापेक्षा मोठी ठरली.

ही गोष्ट राजवाड्यापुरती नाही. गोव्यात कित्येक घरांत पुतळ्यांच्या माळा आहेत, देव्हाऱ्यात क्रूसाची किंवा राजाची मुद्रा असलेले एखादे सोन्याचे जुने नाणे आहे. लग्न निघाले की ते सोनाराकडे जाते, तराजूत पडते आणि मुशीत वितळून नव्या घडणीच्या पाटल्या होऊन परत येते. सोनार वजनाचे पैसे प्रामाणिकपणे देतो. ठसा वाचणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून अशी वस्तू मुशीत जाण्यापूर्वी एकदा तरी नाणी जाणणाऱ्या माणसाला किंवा पुराभिलेख आणि पुरातत्त्व खात्यातील जाणकाराला दाखवावी. घासून चकाकी आणण्याचाही मोह टाळावा, कारण त्याने ठसा झिजतो आणि किंमत उतरते. तपासाअंती ते नाणे सामान्य निघाले तर वजन कोठे जात नाही. दुर्मीळ निघाले, तर आजीच्या पेटीतून एक अख्खा कालखंड वाचेल. सदतीस वर्षांची राजवट लाभलेल्या निजामाला सोने मोजता आले. मोहर वाचणे हे त्याहून अवघड काम आहे, आणि ते करायला राजा असावे लागत नाही.